लाल शाईचं दूध

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपंधरवडा चालू होता, मी आठवीत होते. मधल्या सुट्टीत बातमी आली, गणपती दूध पितोय! संध्याकाळी आजीबरोबर मीही देवळाच्या रांगेत. दीड तासाने नंबर लागला. आजीने चमचा सोंडेला टेकवला आणि खरंच, दूध कमी होत गेलं. माझ्या अंगावर काटा आला होता, आज कबूल करायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला आम्ही बाईंना घेरलं. बाई स्वतः संकष्टी करणाऱ्या. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द त्यांनी तोंडातूनही काढला नाही. शिपाईकाकांकडून कपभर दूध मागवलं, त्यात लाल शाई घातली आणि वजनपेटीतलं ५० ग्रॅमचं पितळी वजन टीपकागदावर ठेवलं. (या वजनांना चिमट्याशिवाय हात लावला की एरवी ओरडा ठरलेला.) मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “बाई, घरून मूर्ती आणू?”

“देवाला कशाला मध्ये आणतोस? आपला प्रश्न दुधाचा आहे.”

काठोकाठ भरलेला चमचा त्यांनी वजनाच्या बोंडाला टेकवून किंचित कलता धरला. दूध कमी होऊ लागलं, अगदी देवळातल्यासारखं. फक्त इथे बोंडाखालून दोऱ्याएवढा गुलाबी ओघळ उतरताना दिसत होता आणि टीपकागदावरचा डाग पसरत होता. चमच्याच्या काठावर दूध फुगून राहतं ते पृष्ठताणामुळे. कशाला टेकलं की तीच ओढ त्याला पलीकडे नेते, पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. ओल्या संगमरवरावर पांढऱ्या दुधाचा पातळ थर कुणाला दिसणार? दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनीही रंगीत दूधच वापरलं होतं, हे पुढे वाचलं तेव्हा आम्हाला कोण अभिमान वाटला!

घरी जाऊन मी वरवंट्याला दूध पाजलं. आजी शांतपणे बघत राहिली. मग म्हणाली, “कळलं. आता ते पूस, मुंग्या येतील.” तिने देवळात जाणं सोडलं नाही. सोडावं असं मलाही वाटलं नाही.

महिन्याभरात सूर्यग्रहण आलं, २४ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. खग्रास पट्टा राजस्थानातून बंगालकडे जाणारा, आपल्याकडे खंडग्रास. सुट्टी असूनही बाईंनी आम्हाला मैदानावर बोलावलं. वर बघायचं नाही, अशी सक्त ताकीद. चिंचेखाली पांढरी चादर अंथरली, तर पानांच्या फटींतून शेकडो चंद्रकोरी तिच्यावर हलत होत्या. वैज्ञानिक दृष्टिकोन हे मूलभूत कर्तव्य असल्याचं नागरिकशास्त्रात दोन गुणांसाठी घोकलं होतं. ते ज्या दिवशी केलं, त्या दिवशी गुण नव्हते.

दुपारी वही द्यायला बाईंच्या घरी गेले, तर त्यांचे केस ओले. ग्रहण सुटल्याची अंघोळ! मला फसवल्यासारखं झालं. “बाई, तुम्हीसुद्धा?” त्या हसल्या. “सासूबाईंना बरं वाटतं. आणि अंघोळीने ग्रहण सुटतं असं मी तुम्हाला शिकवलंय का?” तेव्हा मला त्या दुटप्पी वाटल्या. पुढे स्वतःची सासू आल्यावर मत जरा मवाळ झालं, पूर्ण बदललं असं मात्र नाही.

तावातावाने मी हे आजीला सांगितलं. ती फराळाचे डबे लावत होती. केसांचं तिने ऐकलंच नाही. “चादरीवर चंद्रकोरी?” हातातला डबा तसाच धरून ती म्हणाली, “मग मला का नाही गं बोलावलंस?”