तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सगळेच चोर’ म्हणून काही बदलतं का?

माहिती अधिकाराच्या शिबिरात चहाची वेळ झाली की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा पन्नाशीकडे झुकलेला असतो. ‘अर्ज-अपिलं शिकवता ते ठीक, पण सगळंच सडलंय हे डोळ्यांना दिसत असताना माणूस निराश होणार नाही तर काय? आणि निराश माणसाच्या हातून काही होतं का?’ तरुण पोरं हेच उलट्या बाजूने विचारतात: आधी पॉझिटिव्ह व्हायला हवं ना?

नको. पॉझिटिव्ह झालेला माणूस अर्जाला लावायचं दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणायला स्टॅम्पवाल्याच्या रांगेत उभा राहत नाही. चीड हवीच. फक्त ती कशावर आहे ते पाहायचं. ‘या रस्त्याची खडी कागदावरच पडली’ ही निराशा कामाची. ‘वरपासून खालपर्यंत सगळे सारखेच’ ही निराशा ज्याने खडी खाल्ली त्याच्या सोयीची. सगळेच चोर ठरले की त्या एकाचं नाव घ्यायचं राहून जातं.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, ग्रामसभेत त्याचा हिशेब मांडता येतो. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. गावात 1,200 मतदार असतील तर 15 टक्के म्हणजे 180, म्हणून 100 पुरे. आता ‘जाऊन काय उपयोग, ठरवायचं ते आधीच ठरलेलं असतं’ म्हणत लोक पारावर बसले आणि सभेत भरले साठ. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पुढच्या वेळी पंधरा-वीस माणसांत ठराव होतो, इतिवृत्तावर सह्या होतात. पारावरचे म्हणतात, बघा, म्हटलं नव्हतं? भाकीत खरं ठरलं, पण ते खरं ठरवायला त्यांनीच हातभार लावला होता.

अर्जातही तेच होतं. रागाच्या भरात लिहिलेला अर्ज असा असतो: ‘आमच्या वस्तीचा रस्ता का झाला नाही? याला जबाबदार कोण? भ्रष्ट अधिकाऱ्यांना कोण पाठीशी घालत आहे?’ यावर एका ओळीचं उत्तर येतं, की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. आणि अर्जदार घरी येऊन सांगतो, कायदा बोगस आहे. कायदा बोगस नाही. कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला अभिलेख. ‘का’चं उत्तर फायलीत लावलेलं नसतं. शिवाय राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. त्यातले चाळीस शिव्या देण्यात घालवणं परवडत नाही.

तोच राग असा उतरवायचा: अमुक फाटा ते अमुक वस्ती रस्ता, अमुक आर्थिक वर्ष, मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची या कामाची पानं, अंतिम देयक, यांच्या प्रती. बस. यात सगळ्यात बोलका कागद मोजमाप पुस्तिका, जिला कार्यालयात सगळे ‘एमबी’ म्हणतात. कामाची लांबी, रुंदी, थराची जाडी, मोजणीची तारीख आणि मोजणाऱ्याची सही तिच्यात असते. पानं हातात आली की टेप घेऊन रस्त्यावर जायचं. समजा एमबीत रुंदी 3.75 मीटर आहे आणि टेपवर 3.10 भरते. एकाच जागी मोजून थांबू नका, ‘तिथेच तेवढी कडा खचलीय’ हे उत्तर तयार असतं. सुरुवात, मध्य, शेवट आणि अधेमधे दोन ठिकाणी मोजा, प्रत्येक ठिकाणी टेपसकट फोटो घ्या. आता ‘सगळेच चोर’ म्हणायचं कारण उरलं नाही. सही एकाचीच आहे.

आता निराशेचा खरा उपयोग सांगतो. तो तारखांमध्ये आहे. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण लोक हात झटकायला वापरतात, आम्ही ती कॅलेंडर मांडायला वापरतो. समोरचा काही देणार नाही असं धरूनच पहिल्या दिवसापासून चालायचं. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही, म्हणजे पोच, घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही की पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचं तिकीट लावून. त्याचा निकाल 30, फार तर 45 दिवसांत लागायला हवा. नंतर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. ते किती दिवसांत निकाली काढायचं याला कायद्यात मुदतच नाही, तेव्हा तिथे थांबायची मनाची तयारी हवी. मुदत उलटून दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, एरवी पानाला दोन रुपये. विनाकारण उशीर करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 दंड होऊ शकतो.

इथे आपटतात ते आशावादी. साहेब फोनवर गोड बोलतात, ‘पुढच्या आठवड्यात देतोच, अपील कशाला?’ भला माणूस थांबतो. असे चार-पाच ‘पुढचे आठवडे’ गेले की अपिलाचे 30 दिवस संपतात, आणि मग उशीर का झाला याचा खुलासा अर्जदारालाच करावा लागतो. निराश माणूस एकतिसाव्या दिवशी अपील टाकून मोकळा होतो, आणि साहेबांशी तोही गोडच बोलतो.

यावर कुणी म्हणतं, रस्ता-गटाराचं ठीक आहे हो, समाजाचं काय? त्यासाठी महाडकडे पाहावं. 1923 साली समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद चोख होता आणि तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं. मार्च 1927 मध्ये आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला परिषद भरली तेव्हा, ठराव होऊन तीन वर्षं झालेली असताना, जमलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं त्याच गावात. त्या चाळीस रुपयांत सगळी परिस्थिती आली. ‘समाज वाईट आहे’ हे वाक्य त्यापुढे फार पोकळ वाटतं.

20 मार्चला लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले, परतताना मार खाल्ला. मागून तळ्याचं शुद्धीकरण झालं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने 1924 चा ठरावच मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तर विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. परिषदेला कुणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी दिली. हजारो माणसं चिडून जमलेली, आणि आंबेडकरांनी त्यांना मनाई हुकूम मोडू दिला नाही. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पण पाण्याला हात लावला नाही. पुढे दावा लढवला तो एका नेमक्या मुद्द्यावर: अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून आहे हे सिद्ध करा. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की ते सिद्ध झालेलं नाही. दहा वर्षं लागली. माणसं दोन दिवसांत बदलतील अशा आशेवर बसलेल्याने हा दावा तिसऱ्या वर्षी सोडला असता.

आणि पूर्ण आशा सोडणं? तेही कधी कधी बरोबर असतं. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला आणि काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. 1934 मध्ये आंबेडकरांनी नाशिकचे आपले सहकारी भाऊराव गायकवाड यांना तो थांबवण्याविषयी लिहिलं आणि 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. याला निराशा म्हणायचं असेल तर म्हणा. पण ती एका दाराबद्दलची होती. चालणं थांबलं नाही, रस्ता बदलला. ‘कशालाच अर्थ नाही’ म्हणणाऱ्याला हा फरक सांगितला तरी पटत नाही, कारण दुसरं दार शोधायला पुन्हा श्रम पडतात.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका: भीती. ‘कशाला नादी लागता’ असं घरचे म्हणतात तेव्हा त्यांना निराशावादी ठरवणं अन्याय आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार उघडे करत होते, 13 जानेवारी 2010 ला त्यांचा खून झाला. म्हणून वाळू, जमीन, मोठं कंत्राट असा विषय असेल तर एकट्याने अर्ज करू नका. तोच कागद पाच जणांनी, जमल्यास वेगवेगळ्या गावांतून, मागवावा. मिळाल्या दिवशीच त्याच्या प्रती दोन-तीन घरांत ठेवाव्यात आणि तसं केल्याचं चारचौघांत बोलून टाकावं. कागद एकाच माणसाच्या पिशवीत आहे तोवर त्या माणसाला धोका असतो.