तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही गेल्यावर तो काय करतो?

दारात कुत्र्याचा पट्टा माझ्या हाती देताना जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. आधी खाण्याच्या वेळा सांगून होतात, औषधं दाखवून होतात, डॉक्टरांचा नंबर लिहून होतो. मग आवाज जरा खाली येतो. "आम्ही गेल्यावर तो काय करतो हो?"

गेली नऊ वर्षं मी माझ्या राहत्या घरात, बाहेरगावी जाणाऱ्यांची कुत्री सांभाळते. सुरुवातीला मी "काही काळजी करू नका, मजेत राहतो" असं म्हणून मोकळी व्हायचे. ते अर्धंच खरं होतं. म्हणून आज सगळं सांगते.

पहिल्यांदा आलेला कुत्रा तुम्ही गेल्यावर बहुधा दाराशीच थांबतो. फटीला नाक लावून लांब श्वास ओढतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. तुम्ही जिना उतरून गेलात तरी त्याच्या लेखी तुम्ही बराच वेळ दाराबाहेरच असता. कुणी कुंईकुंई करतं, कुणी भुंकतं, कुणी घरभर येरझाऱ्या घालून पुन्हा दाराशी येतं. आणि कुणी कोपऱ्यात मुटकुळं करून नुसतं पडून राहतं. या गप्प राहणाऱ्यांवर माझी नजर जास्त असते. "किती शहाणा, आवाजही नाही" असं म्हणून लोक ज्यांचं कौतुक करतात, त्यांतले काही खरं तर भेदरलेले असतात.

हे मी चुकून शिकले. पहिल्याच वर्षी एक तीन वर्षांचा बीगल आला होता. संध्याकाळी मी त्याचा फोटो घरच्यांना पाठवला. तोंड उघडं, जीभ बाहेर, डोळे मोठे. खाली लिहिलं, "बघा, किती हसतोय!" त्यांना हायसं वाटलं, मलाही. रात्री तो काही केल्या झोपेना, म्हणून तोच फोटो पुन्हा उघडला आणि मोठा करून पाहिला. जबड्याच्या कोपऱ्यांना घट्ट सुरकुत्या पडल्या होत्या. कान मागे चिकटलेले, डोळ्यांच्या कडेने पांढरं दिसत होतं. हवा गार होती, तो कुठे धावलाही नव्हता, तरी धापा टाकत होता. त्याला भीती वाटत होती आणि मी तिला हसू म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरच्यांना फोन करून तसं सांगितलं. तेव्हापासून फोटो पाठवायच्या आधी मी तो स्वतः नीट बघते, आणि सोबत जे दिसतंय तेच लिहिते.

अशा वेळी वाटतं, उचलून जवळ घ्यावं, कुरवाळावं. मी हात आवरते. परक्या माणसाने समोरून अंगावर वाकणं हे आधीच बावरलेल्या कुत्र्याला नकोसं होतं. मी त्याच्यापासून चार हात लांब, जमिनीवर, त्याच्याकडे कूस करून बसते आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालते. टक लावून बघत नाही. तो मध्येच जांभई देतो, नाक चाटतो. त्या जांभईचा झोपेशी संबंध नसतो, ताण आला की कुत्री तसं करतात. कधी दहा मिनिटांत, कधी दोन तासांनी तो उठून माझ्या कोपराचा वास घेतो. आणि मग एक गोष्ट होते जिची मी वाट बघत असते. अंग कोरडं असूनही तो आंघोळ झाल्यासारखं नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंग झाडतो. आत आवळून धरलेलं काहीतरी त्याने सोडून दिलेलं असतं. ते दिसलं की मी घड्याळ बघते आणि वहीत वेळ लिहून ठेवते. प्रत्येक पाहुण्याचं एक पान असतं माझ्या वहीत.

तुमचा न धुतलेला, अंगात घातलेला टी-शर्ट मी मागते तो याच वेळेसाठी. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता पडून राहायला शिकवलं आणि त्यांना पाच वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या नि अनोळखी कुत्र्याचा, ओळखीच्या नि अनोळखी माणसाचा. चांगलं काही मिळणार अशी आशा लागली की मेंदूचा जो भाग जागा होतो, तो ओळखीच्या माणसाच्या वासाला सगळ्यात जास्त जागा झाला. ते माणूस तिथे हजरही नव्हतं. काही जण संकोचाने टी-शर्ट धुऊन, घडी करून आणतात. तो मग माझ्या काही उपयोगाचा राहत नाही.

पहिल्या दिवशी बरेच जण खात नाहीत. तब्येतीने धडधाकट, मोठा कुत्रा एक दिवस जेवला नाही तर मी घाबरत नाही; वाडगा पंधरा-वीस मिनिटं ठेवते आणि काही न बोलता उचलते. पिल्लू असेल किंवा इन्शुलिनवरचा कुत्रा असेल तर मात्र थांबायची सोय नाही, लगेच डॉक्टरांना फोन. पोट बिघडणंही होतं, ताणाचाच तो परिणाम. म्हणून खाणं तुमच्या घरचंच हवं. एरवीसुद्धा खाणं बदलायचं तर हळूहळू, आठवडाभरात बदलतात; घर आणि खाणं एकाच दिवशी बदलणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. हे सगळं मी तुम्हाला कळवते. "आज जेवला नाही" हे वाचून प्रवासात तुमचा जीव टांगणीला लागतो, ते कळतं मला. तरीही लिहिते, कारण उद्या "सगळं फस्त केलं" असं लिहीन तेव्हा तुमचा त्यावर विश्वास बसायला हवा.

दाराबद्दल मी कुणाचं ऐकत नाही. "आमचा कधी पळत नाही" असं सगळेच सांगतात, आणि ते तुमच्या घरापुरतं खरंही असतं. नव्या जागी पहिले दोन-तीन दिवस कुत्रा सैरभैर असतो. सुटला तर तो तुमच्या दिशेने धावतो आणि ती दिशा त्याला ठाऊक नसते. त्यामुळे माझ्याकडे बाहेरच्या दाराआधी आणखी एक जाळीचं दार आहे, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. बाहेर जाताना गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही, पट्टा दोन्हींत अडकवलेला. वाकून मागे सरकत डोकं सोडवून घेणारे कुत्रे मी पाहिलेत. त्याला दोन सेकंदही लागत नाहीत.

लसींची नोंदवही मागते, गोचीड-पिसवांचं औषध कधी दिलं ते विचारते. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला, कुत्र्यांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणारा पार्व्हो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या साबणाला दाद देत नाही. माझ्याकडे एका वेळी तीनच कुत्री असतात, आणि त्या तिघांची जबाबदारी माझ्यावर असते.

काहींना मी नाही म्हणते. एका चाचणीच्या रात्रीत ते कळतं, म्हणून लांबच्या मुक्कामाआधी एक रात्र ठेवून बघायचा माझा आग्रह असतो. रात्रभर दार ओरबाडून नखांतून रक्त काढणारा कुत्रा "सवय होईल" म्हणून ठेवून घेणं मला पटत नाही. त्याच्यासाठी ओळखीचं कुणीतरी तुमच्याच घरी येऊन राहणं बरं. असं सांगितल्यावर एकदोघे रागावले आहेत. रागावू देत.

मग राहतो तो तुमच्या प्रश्नातला खालचा प्रश्न, जो सहसा कुणी उच्चारत नाही: तो आम्हाला विसरतो का? स्वीडनमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये १२ कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास आणि चार तास घरी एकटं ठेवून पाहिलं. अर्ध्या तासापेक्षा दोन तासांनंतरचं स्वागत जास्त जोरात होतं. दोन आणि चार तासांत मात्र ठळक फरक दिसला नाही. पंधरा दिवसांचा हिशेब त्याच्या मनात कसा होतो, ते त्याचं त्यालाच माहीत. मला दिसतं ते एवढंच: चौथ्या दिवशी पोटभर जेवून, अंगणात हुंदडून, माझ्या पायाशी पसरलेला कुत्रा तुमच्या गाडीसारखा आवाज आला की मान उचलतो. घोरता घोरता उचलतो. माझा लळा लागतो त्याला, आणि तुमची वाटही बघतो. एकामुळे दुसरं कमी झालेलं मी पाहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात तेरा वर्षांची एक लॅब्रेडॉर आली होती, आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर. हृदयाच्या गोळ्या चालू. झोपेत तिचे श्वास मोजायचे होते, मिनिटाला ३० च्या आत हवे असं डॉक्टरांनी बजावलं होतं. न्यायला आलेल्या बाईंनी दारातच विचारलं, "खरं सांगा, आठवण काढली का तिने?" मी वहीतलं पान फाडून त्यांच्या हातात दिलं. म्हातारी त्यांच्या बुटावर बूड टेकून बसली होती आणि त्या उभ्या उभ्या वाचत होत्या.

"रात्री १०.४०, दाराशी. ११.२०, अंग झाडलं, पाणी प्यायली. १.१५, पुन्हा दाराशी, टी-शर्ट तिथेच नेऊन ठेवला. ३.५०, टी-शर्ट तोंडात धरून माझ्या अंथरुणाजवळ आली. ४.०५, झोपली. श्वास २२."