गावच्या वाचनालयात लिनक्स: मशीन दुपारपर्यंत झालं, यादी अजून चालू आहे

आमच्या वाचनालयाचा संगणक बिघडला नव्हता, हे आधी सांगते. रडतखडत का होईना, चालत होता. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क आणि वर विंडोज १०. सकाळी बटण दाबायचं, केर काढायचा, पेपर स्टँडला लावायचे, तोवर तो जागा व्हायचा. सवय झाली होती.

पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. पुढे एक वर्षाची वाढीव मुदत घेता येत होती, म्हणजे दुखणं ऑक्टोबर २०२६ वर ढकललं एवढंच. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आमच्याकडे दोन्ही नाही. नवीन मशीनचं नाव काढायची सोय नव्हती. गुहागर तालुक्यातलं ‘ड’ वर्गाचं वाचनालय आहे आमचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि अनुदान त्या हिशेबात येतं. आम्ही शेवटच्या पायरीवर.

समितीच्या बैठकीत कार्यवाह नानांचं म्हणणं सरळ होतं. “ताई, चालतोय ना? मग हात कशाला लावता?” अध्यक्ष म्हणाले, नेट काढून टाका, नुसती पुस्तकांची यादी ठेवा त्याच्यावर. यादीपुरतं ते बरोबरच होतं. पण आमच्याकडे पोरं भरतीचे आणि स्कॉलरशिपचे फॉर्म भरायला येतात, प्रत्येकाच्या खिशात एक पेन ड्राइव्ह असतो, आणि तो कुठल्या कुठल्या सायबर कॅफेतून फिरून आलेला असतो. असल्या मशीनला सुरक्षेचे अपडेट्स मिळणार नसतील तर मला ते उघडं ठेवायचं नव्हतं.

चिपळूणला इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा म्हणाला, “मावशी, लिनक्स टाक, फुकट आहे.” लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी मशीन चालवणारी दुसरी सिस्टीम. फुकट आहे म्हटल्यावर समिती एकदम मोकळी झाली. गोंधळ त्यानंतर सुरू झाला.

लिनक्स हे एकच काहीतरी असेल असं मला वाटत होतं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिहायला घेतलं ते त्यातलं कर्नल, म्हणजे गाभा. त्याच्याभोवती बाकीची जुळवाजुळव करून जो तो आपापली डिस्ट्रो, म्हणजे वापरायला तयार आवृत्ती, काढतो. डेबियन १९९३ चं, त्याच्यावर उभं राहिलेलं उबुंटू २००४ चं, आणि उबुंटूवर बेतलेलं लिनक्स मिंट २००६ चं. शिवाय फेडोरा, शिवाय आपल्या सी-डॅकचं बॉस, तेही डेबियनवरच आधारलेलं. एक सदस्य म्हणाले, सरकारी आहे ना, मग तेच घ्या. मुद्दा काही चुकीचा नव्हता. भारतीय भाषांचा विचार त्यात मुळापासून केलेला आहे. भाचा स्वतः आर्च नावाची डिस्ट्रो वापरतो. सुट्टीच्या दिवशी तो त्याची डागडुजी करत बसतो आणि त्याला त्यात मजा येते. मला सोमवारी पुस्तकं द्यायची असतात.

शेवटी मी एकच कसोटी लावली. सकाळी अकरा वाजता एकटी असताना काही अडलं, तर तोच प्रश्न माझ्याआधी कुणी विचारलेला असेल का, आणि त्याचं उत्तर माझ्यासारखीला समजेल असं लिहिलेलं असेल का? त्यात मिंट आणि उबुंटू पुढे होते. उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप ४ जीबी रॅममध्ये जड जातो. मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती आहे, मेनू डाव्या कोपऱ्यात, खाली पट्टी, म्हणजे नानांना कुठे काय ते शोधावं लागणार नाही. मिंटच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. ठरलं. कुठलं लिनक्स सगळ्यात चांगलं, या वादात नवख्याने पडूच नये असं माझं आता स्पष्ट मत आहे. तो वाद ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांचा.

डाउनलोड हे प्रकरण शहरातल्या माणसाला कळायचं नाही. फाइल तीन जीबीच्या आसपास, माझ्या मोबाइलचा रोजचा डेटा दोन जीबी, आणि रेंज वाडीत नाही, वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाटीवर. एका दमात फाइल उतरणं शक्यच नव्हतं. भाच्याने टॉरेंटने उतरवायला सांगितलं. टॉरेंट म्हटलं की लोकांना चोरीचे सिनेमे आठवतात, पण मिंटवाले स्वतःच अधिकृत टॉरेंट देतात. त्याचा फायदा असा की डेटा संपला की थांबतं आणि दुसऱ्या दिवशी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. लॅपटॉप भाच्याचा, हॉटस्पॉट माझा, आणि बसायला सड्यावरच्या देवळाचा कट्टा.

उतरलेली फाइल तपासून घ्यायची असते, ही पायरी बरेच जण गाळतात. मी गाळू दिली नाही. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आहे. तिला फाइल दाखवून एसएचए-२५६ मागितलं की ६४ अक्षर-अंकांची एक ओळ येते. मिंटच्या साइटवर दिलेल्या ओळीशी ती जुळली तर फाइल अखंड आहे. नाना आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासत आलेले. पहिली चार आणि शेवटची चार बघितली की पुरे, असं भाचा म्हणाला, तर त्यांनी ते ऐकलं नाही. चौसष्टच्या चौसष्ट मोठ्याने वाचून घेतली, खाली टिकमार्क केली आणि मगच “हां, आता करा” म्हणाले. लिनक्सबद्दल त्यांचा विरोध बहुधा तिथेच मावळला.

मग रुफस या छोट्या प्रोग्रामने ती फाइल ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवली. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, ड्राइव्ह बूट होईल, म्हणजे त्याच्यावरून मशीन सुरू होईल, असा तयार करावा लागतो, आणि त्यावर आधी असलेलं सगळं पुसलं जातं. मशीन सुरू होताना बूट मेनूची कळ दाबायची. कुठे एफ-१२ असते, कुठे एफ-९, कुठे एस्केप. पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू झालं आणि हार्ड डिस्कला धक्का न लावता समोर पूर्ण डेस्कटॉप आला. याला लाइव्ह सेशन म्हणतात. मला विचाराल तर सगळ्या प्रक्रियेत नवख्याच्या सर्वात कामाची गोष्ट हीच. आवाज येतो का, स्क्रीन नीट दिसते का, माउस-कीबोर्ड चालतात का, फोन यूएसबीने जोडला की नेट मिळतं का, हे सगळं काहीही पुसायच्या आधी बघता येतं. आमचं सगळं चाललं, प्रिंटर सोडून. त्याच्याकडे नंतर येते.

बॅकअपबद्दल आमच्या भागात कुणाला समजवावं लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दुकानांमधली मशीनं आणि त्यातले हिशेब दोन्ही गेले. त्यामुळे यादीची एक प्रत माझ्या घरी, एक नानांच्या घरी, दोन्ही घरं दोन वाड्यांत. शिवाय जुनं विंडोज पुसायचंच नाही, असं आम्ही ठरवलं. समितीने एकच खर्च मंजूर केला, छोट्या एसएसडीचा, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कचा. जुनी हार्ड डिस्क काढून कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, तिच्या जागी एसएसडी लावली. दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी ठेवण्याचा पर्यायही असतो, पण पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याच्या, भानगडीत पडण्यापेक्षा हे बरं. ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय निवडताना हात थरथरत नाही, कारण मशीनमध्ये पुसण्यासारखं काही नसतंच.

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशनबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. भाषा, कीबोर्ड, गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत टिक, वेळेसाठी कोलकाता, नाव आणि पासवर्ड. इन्व्हर्टर भरलेला असताना सकाळी सुरू केलं आणि दुपारी जेवायला जायच्या आत अपडेट्ससकट मोकळी झाले. मेनूंची भाषा मी इंग्रजीच ठेवली. मराठीत आहेत, पण अडलं की शोधायचं इंग्रजीतूनच असतं, मग तेच शब्द समोर असलेले बरे. टाइमशिफ्ट चालू करून ठेवलं, म्हणजे एखाद्या अपडेटने घोळ केला तर सिस्टीम मागच्या अवस्थेला नेता येते. आता मशीन केर काढायची वाट बघत नाही. एसएसडीचं श्रेय लिनक्सला देऊ नये, पण दोघांनी मिळून जीव आणला खरा.

मग पुस्तकांची यादी उघडली, आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं.

यादी कित्येक वर्षांपूर्वीपासून कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत, रुळायच्या आधीचे हे फॉन्ट मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवतात. फाइलमध्ये ‘मराठी’ हा शब्द नसतोच. तिथे असतात इंग्रजी ई, जे, के, कॅपिटल बी, एच, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट काढला की मुखवटा गेला. तात्पुरता उपाय सोपा होता: जुन्या डिस्कवरची फॉन्टची फाइल घरच्या फोल्डरमधल्या फॉन्टच्या जागी ठेवली, लिबरऑफिस (यादी ज्यात उघडतो ते मोफत ऑफिस पॅकेज) बंद करून उघडलं, यादी पूर्ववत दिसू लागली. नाना म्हणाले, झालं की. दिसत होतं, एवढंच झालं होतं. शोधायला गेलं तर सापडत नाही, अकारविल्हे लावायला गेलं तर इंग्रजी कोडच्या क्रमाने लागतं, आणि फोनवर कुणाला पाठवलं तर त्याला कचरा दिसतो. विंडोजवरही हे असंच होतं. आम्ही कधी शोधलंच नव्हतं, म्हणून कळलं नव्हतं.

कृतीदेवचं युनिकोड करून देणारे मोफत कन्व्हर्टर मिळतात. काम वाटतं तितकं यांत्रिक नाही. कृतीदेवमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी. ‘वर्ग’मधला रफार कृतीदेवमध्ये ग नंतर येतो, युनिकोडमध्ये र आधी. ही उलटापालट कन्व्हर्टर करतो, बहुतेक वेळा बरोबर करतो. पण आमच्या यादीत त्याने ‘दऱ्या’चा ‘दर्या’ केला, आणि कोकणातल्या वाचनालयात दोन्ही शब्दांची पुस्तकं असू शकतात. स्पर्धा परीक्षांची इंग्रजी पुस्तकं त्याच रकान्यात होती, त्यांना तर तो मराठीच समजला. म्हणून आधी इंग्रजी पुस्तकं वेगळ्या शीटवर काढली, मग बाकीचं बदललं, मग छापील दाखल नोंदवही समोर घेऊन एकेक ओळ ताडून पाहायला बसलो. नाना वाचतात, मी दुरुस्त करते.

टायपिंगचा प्रश्नही याच टप्प्यावर आला. मिंटमध्ये कीबोर्डच्या यादीतच मराठी इनस्क्रिप्ट आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायची कगप फोनेटिक या मांडण्या आहेत. मी इनस्क्रिप्ट शिकतेय: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, बोटांना आठवडाभर राग येतो आणि मग वळण बसतं. पोरांना फोनेटिक आवडतं. नानांची बोटं मराठी टाइपरायटरवर घडलेली, म्हणजे रेमिंग्टन. त्यांच्यासाठी आयबस आणि एम-१७-एन ही टायपिंगची पॅकेजं घालून ती मांडणी आणली. कळा त्याच आणि फाइलमध्ये शुद्ध युनिकोड, हे बघून ते खूश झाले. तिघांच्या तीन मांडण्या, एकाच कीबोर्डवर. कोपऱ्यातल्या खुणेवर क्लिक केलं की बदलतं.

प्रिंटर हरला, किंवा आम्ही हरलो म्हणा. जुना लेझर आहे, त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर भाच्याने खटपट करूनही बसला नाही. प्रिंटर आधी तपासून मग निर्णय घ्या, हे मी कुणालाही सांगेन. आम्हाला महिन्याकाठी चार कागद छापायचे असतात. पीडीएफ करून शृंगारतळीच्या झेरॉक्सवाल्याला पाठवते, बाजाराला जाताना घेऊन येते. तुमचं हिशेबाचं टॅली किंवा विंडोजवरच चालणारं दुसरं काही असेल, तर मात्र असा मार्ग निघणार नाही. मग मशीन बदलायचे पैसे उभे केलेलेच बरे.

भाच्याच्या डोक्यात आता कोहा हे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या वाचनालयांसाठी १९९९ मध्ये ते बनलं, आणि आज जगभरची ग्रंथालयं ते वापरतात. ऐकून बरं वाटलं, पण त्याला डेटाबेस, सर्व्हर आणि ते सांभाळणारं माणूस लागतं. आमच्या पुस्तकांना लिबरऑफिसचं एक शीट पुरतं. निदान ते शीट धड होईपर्यंत तरी मी हो म्हणणार नाही.

कारण युनिकोड झाल्यावर पहिल्यांदाच यादी लेखकाच्या नावाने अकारविल्हे लावली, आणि एकेक लेखक तीन-तीन प्रकारे लिहिलेला निघाला. कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. काही पुस्तकं दोनदा दाखल आहेत, काही नोंदीत आहेत आणि कपाटात नाहीत. कुठली पद्धत ठेवायची यावर समितीत दोन तट आहेत. नाना आडनाव आधी म्हणतात, अध्यक्ष म्हणतात वाचक तसं विचारत नाहीत. मार्चअखेर निकाल लावायलाच हवा. पुढे आंब्याचे दिवस, आणि एकदा काढणी सुरू झाली की समितीतला एकही माणूस पावसापर्यंत हाताला लागत नाही.