जवसाच्या तेलाची शिशी आणि आमचे सर

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेबद्दल लिहायचे म्हणजे इंग्रजीच्या सरांबद्दलच लिहायचे, हे मनात तेव्हाच पक्के झाले. मैदान, प्रभातफेरी, खिचडीच्या आधीचे आमचे डबे, यांवर बाकीचे मित्र लिहितीलच. सरांचे नाव देण्याचीही गरज नाही. जुन्या इमारतीच्या जिन्याखाली ज्यांची सायकल असायची ते सर, एवढे पुरे.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून ते आले २००० साली, तेव्हा आमची बॅच केव्हाच बाहेर पडली होती. घरी कोणी इंग्रजी बोलणारे नाही, पेपर मराठी, तोही पारावर वाचायचा. अशा पोरांना सरांनी शब्द शिकवले ते अर्थ पाठ करून घेऊन नाही.

नववीतली गोष्ट. एका मुलाने निबंधात लिहिले होते की दुकानातल्या तेलाला 'बॅड स्मेल' येत होता. सर त्याला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरून एक शिशी घेऊन आले. आत जवसाचे जुने तेल, बुचाभोवती पिवळा चिकट थर धरलेला. पहिल्या बाकावरून शिशी फिरवायला दिली. "हुंगा पोट्टेहो, आन् सांगा. सडलं, का आंबलं?" कोणी सडलं म्हणे, कोणी नाक दाबून नुसतेच हसे. मुलींच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "सर, खवट झालं." सरांचा चेहरा असा खुलला की अजून डोळ्यांपुढे आहे. फळ्याकडे वळून त्यांनी मोठ्या अक्षरांत शब्द लिहिला : रॅन्सिड. 'सी'चा उच्चार 'स', 'क' नाही, हे दोनदा म्हणून घेतले.

मग अख्खा तास त्या एका शब्दावर. हा शब्द तेला-तुपाचा. लोणी, खोबरे, शेंगदाणे, जिथे स्निग्धपणा तिथे रॅन्सिड. दूध नासले तर 'सावर', पाव शिळा झाला तर 'स्टेल', अंडे 'रॉटन', मांस कुजले तर 'पुट्रिड'. आणि अंबाडी भिजत घातलेल्या डबक्याजवळून जाताना जो भपकारा येतो, तो 'फेटिड'. तेल खवट झाले हे सांगायला इंग्रज माणूस 'गो' हे क्रियापद वापरतो : 'द ऑइल हॅज गॉन रॅन्सिड'. दहावीत त्यांनी हेही सांगितले की हा शब्द स्वयंपाकघराबाहेर पडतो, मनात धरून ठेवलेल्या आकसालाही लागतो, राजकारणालाही. वाईट वासाला इंग्रजीत एकच शब्द नाही आणि आपल्या आईच्या बोलीतही नाही, हे त्या दिवशी कळले. खवट, कुबट, उग्र, कुजकट, आंबूस : ही सगळी संपत्ती घरातच होती, ती मोजायला सरांनी लावली.

पुढे मी नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये तेल तंत्रज्ञान शिकलो. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली ही संस्था आता विद्यापीठ झाली आहे. तिथे पहिल्याच सत्रात 'रॅन्सिडिटी' आली आणि वर्गात मी एकटा होतो ज्याच्या नाकात तो शब्द आधीपासून होता. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलेनिक आम्ल, त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध. हवेतला ऑक्सिजन नेमका तिथे धरतो, पेरॉक्साइडे तयार होतात, ती फुटून अल्डिहाइडे निघतात आणि तोच तो वास. उजेड आणि उष्णता मिळाली की काम आणखी लवकर. सरांच्या बुचाभोवतीचा चिकट थरही त्याचाच. रंगाच्या कारखान्यात जवसाचे तेल हवे असते ते हवा लागून घट्ट होण्याच्या याच गुणासाठी. आज माझ्या प्रयोगशाळेत रोज तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे त्यात पेरॉक्साइडे किती झाली याचे माप, काढली जाते. नवीन आलेल्या मुलांना मी आधी नमुना हुंगायला देतो, मोजणीची काचनळी, ब्यूरेट, नंतर.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. पुतण्या सेमी इंग्रजीत आहे. त्याच्या गाइडमध्ये रॅन्सिडपुढे 'खराब' छापले आहे, पुट्रिडपुढेही 'खराब', फेटिडपुढे 'घाण'. पोरगा हुशार आहे, तीनही पाठ आहेत. पण गावात जवस पेरणारे कमी उरले, घाणा बंद पडला, अंबाडीचे दोर वळणारे हात थकले. मुलाने हुंगावे तरी काय? याचे मला मनापासून वाईट वाटते. मार्क वाढले म्हणून ते भरून निघत नाही.

सर वर्गात फळ्यावर दोन रकाने आखायचे, डावीकडे वस्तू, उजवीकडे तिचे विशेषण, आणि आम्हाला ते वहीत उतरवायला लावायचे. माझी वही घराच्या गळतीत गेली. ज्यांच्याकडे अशा वह्या शिल्लक असतील त्यांनी महोत्सवाच्या दिवशी कार्यालयात जमा कराव्यात. रकाने एकत्र लावून पुस्तिका करू, छपाईचा खर्च मी उचलतो. पहिली प्रत सरांच्या घरी आपण सगळ्यांनी मिळून द्यायला जाऊ.