झारीतले शुक्राचार्य

पाणी ओतून सहा मिनिटं झाली होती आणि कपात जेमतेम तळ झाकेल एवढी कॉफी. वर शंकूत काळं डबकं साचलेलं, खाली उतरायचं नाव नाही. शेवटी वैतागून चमच्याचं टोक घातलं. कागद फाटला आणि सगळा गाळ भस्सकन कपात. पलीकडे मेथी निवडत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "झारीत शुक्राचार्य बसलेत तुझ्या. पण वामनाने दर्भाची काडी घातली होती हो, चमचा नाही."

आमच्याकडे फिल्टर कॉफी म्हटलं की माटुंग्याच्या उडप्याकडची डबरा-पेल्यातली, चिकोरीवाली, फेसाळ दुधाची. ती मला आवडतेच. पण ही गोष्ट दुसऱ्या कॉफीची. कपावर चिनी मातीचा शंकू ठेवायचा, त्यात कागद, कागदात पूड, वरून हाताने गरम पाणी. दूध नाही, साखर नाही. "म्हणजे काढाच की," हे सासूबाईंचं पहिल्या दिवशीचं मत. अजून तरी ते बदललेलं नाही.

कागदातून कॉफी गाळायची युक्ती निघाली तीही स्वयंपाकघरातच. जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीला कपात येणाऱ्या गाळाचा कंटाळा आला. तिने पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला, आणि 1908 साली त्याचं पेटंटही घेतलं. टीपकागदाविना त्या पोराच्या वहीचं काय झालं, कोण जाणे. माझा शंकू जपानी हारिओ कंपनीचा, व्ही सिक्स्टी. आकार व्ही अक्षरासारखा आणि कोन 60 अंशांचा, म्हणून हे नाव. आतून वळणदार उंचवटे, आणि तळाला एकच भलंमोठं भोक. सगळी मेख त्या भोकात आहे. पाणी अडवून धरायला शंकूत दुसरं काहीच नाही, ते काम पुडीने करायचं. पूड फार जाड असली तर पाणी सुळ्ळकन निघून जातं आणि कॉफी पाणचट, आंबूस लागते. फार बारीक असली तर माझं झालं तसं डबकं होतं, आणि थेंब थेंब उतरतं ते कडूजहर.

पण हे कळायच्या आधी मी सगळ्यांना दोष देऊन झाले होते. नळाच्या पाण्याला दिला. चिकमगळूरहून मागवलेल्या बियांना दिला. पातेल्यातून ओतलेल्या पाण्याचा पुडीत खड्डा पडतो म्हणून लांब, बारीक तोटीची किटली घेतली. तिची किंमत घरात सांगितलेली नाही, इथेही सांगत नाही. डबकं तसंच.

मेथी संपल्यावर सासूबाईंनी डब्यातली चिमूटभर पूड दोन बोटांत चोळली. "अगं, ह्यात पिठीही आहे आणि कण्याही आहेत. दळलंस कशात?"

"मिक्सरमध्ये."

"मग बरोबर. त्याचं पातं भिरभिरतं नुसतं. सापडेल ते कापतं, एकसारखं दळत नाही. जात्याचं काम ते." आणि त्यांनी मैद्याची चाळणी काढली. चाळणीखाली कोकोसारखी मऊ पिठी पडली. कागदाची छिद्रं बुजवणारे शुक्राचार्य ते हेच. वर राहिली ती पूड बारीक रव्याहून थोडी जाड. मोठ्या कण्या बोटांनी वेचून टाकल्या.

मग 15 ग्रॅम पूड, 240 ग्रॅम पाणी. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबवलेलं. आधी नुसता कागद गरम पाण्याने धुऊन घेतला, नाहीतर कॉफीला कागदाचा वास येतो. पुडीवर थोडंसंच पाणी, साधारण 40 ग्रॅम, आणि 40 सेकंद हात बांधून उभी राहिले. बिया ताज्या भाजलेल्या असल्या की आतला वायू सुटायला लागतो आणि पूड फुगते. मधोमध घुमटासारखी वर आली, बुडबुडे फुटले, आणि भाजक्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा काहीतरी वास ओटाभर पसरला. "रवा फुलतो तशी फुलली गं," सासूबाई वाकून म्हणाल्या. काढ्याबद्दल एवढं कौतुक पहिल्यांदाच. पुढे अभिषेकासारखी बारीक संततधार, मधून बाहेर, बाहेरून मध्ये. तीन मिनिटांत शंकू रिकामा. कॉफी चहासारखी आरपार लाल, आणि गार होताना गुळाच्या जवळ जाणारी गोडी.

चाळणीखालची पिठी फेकायला मी हात पुढे केला तर सासूबाईंनी वाटी ओढून घेतली. दुधात उकळली, दोन चमचे साखर, वर जायफळ किसलं. तेव्हापासून आमची वाटणी ठरून गेली: चाळणीवरची माझी, खालची त्यांची.

गेल्या महिन्यात मी हाताने फिरवायची, आत दाते असलेली चक्की आणली. अगदी एकसारखं दळते, पिठी जवळपास नाहीच. मी खुशीत पहिला कप गाळत होते. सासूबाई रिकामी वाटी घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या. चाळणी उलटी करून आपटून पाहिली.

"आणि माझं काय?"

आता दोन बिया जास्तीच्या घेते. त्या मिक्सरमध्ये.