निखारा, पोळी आणि अजून थोडं

आईने मार्शमेलोचं पाकीट उलटं केलं, चष्मा नाकावर घेतला, मागची बारीक अक्षरं वाचली आणि पाकीट परत ओट्यावर ठेवलं. "जिलेटिन आहे यात. मला नाही चालणार," एवढंच म्हणाली आणि पोळ्या लाटायला वळली.

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला, दादाच्या घरी, निघायच्या आदल्या संध्याकाळची ही गोष्ट. मी आणि आई पुण्याहून येऊन दहा दिवस झाले होते आणि दहाही दिवस माझी भाची आम्हाला कॅम्पिंगचे बेत ऐकवत होती. ती बारा वर्षांची, गर्ल स्काउट. तंबू, तलाव, डोंगर हे तिच्या लेखी नंतरचं. मुख्य काय, तर रात्री शेकोटीवर स्मोर्स करायचे आणि पहिला आजीला द्यायचा. पाकीट ओट्यावर गेलं तसा तिचा चेहरा पडला.

ज्यांनी स्मोर्स खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ग्रॅहम क्रॅकर नावाचं गव्हाचं बिस्किट, त्यावर चॉकलेटची वडी, त्यावर विस्तवावर भाजलेला मार्शमेलो आणि वर आणखी एक बिस्किट. हलकेच दाबायचं आणि गरम आहे तोवर खायचं. 'सम मोअर', म्हणजे 'अजून थोडं', यावरून हे नाव पडलं. गर्ल स्काउट्सच्या 1927 सालच्या एका पुस्तकात ही कृती 'सम मोअर्स' नावानेच छापलेली आहे. आठ जणींना 16 क्रॅकर आणि 16 मार्शमेलो, असं प्रमाण भाचीला तोंडपाठ होतं.

अडचण मार्शमेलोची. मार्शमेलो हे मुळात एका झाडाचं नाव. दलदलीच्या जागी वाढणारं, आपल्या भेंडी-जास्वंदीच्या कुळातलं. त्याच्या मुळांचा चिकट रस पूर्वी साखर आणि अंड्याच्या पांढऱ्यात घोटत. भेंडी चिरताना हाताला जो चिकटपणा लागतो, तोच हा गुण. आता त्या झाडाचं नुसतं नाव उरलंय. मिठाईला फुगीरपणा येतो तो जिलेटिनमुळे, आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतून काढतात, अमेरिकेत बहुतेक वेळा डुकराच्या. आईने आयुष्यभर पाळलेली गोष्ट एका गोड तुकड्यासाठी मोडावी असं मला वाटत नव्हतं, आणि भाचीलाही नाही. तिने वहिनीला रात्री साडेआठला दुकानात पिटाळलं. तिथून डँडीज नावाचे शाकाहारी मार्शमेलो आले. त्यांत जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळापासून काढलेला कॅराजिनन असतो, म्हणजे आपल्या चायना ग्रासचाच भाऊबंद. आईने तेही पाकीट उलटं करून वाचलं आणि या वेळी स्वतःच्या पिशवीत, पोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवलं.

सकाळी 78 नंबरच्या हायवेने पश्चिमेला निघालो. वाटेत हर्शीला थांबायचं ठरलं होतं, कारण चॉकलेट चॉकलेटच्या गावातूनच घ्यायचं हा भाचीचा हट्ट. गावातल्या रस्त्याचं नाव खरोखरच चॉकलेट अॅव्हेन्यू आहे आणि त्यावरच्या दिव्यांचा आकार 'किस' नावाच्या चॉकलेटच्या गोळीसारखा, काही चंदेरी वेष्टनातले, काही उघडे. मिल्टन हर्शीचा आधी लँकेस्टरला कॅरॅमलचा कारखाना होता. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याने चॉकलेट करायची जर्मन यंत्रं पाहिली आणि त्याला त्याचं वेड लागलं. 1900 साली त्याची दुधाच्या चॉकलेटची वडी बाजारात आली. 1903 साली त्याने आपल्या जन्मगावच्या शेतांमध्ये, जिथे दूध मुबलक, तिथे कारखान्याची पायाभरणी केली आणि कामगारांसाठी गाव वसवलं.

आई मात्र रमली ती दुसऱ्याच माहितीत. हर्शी दांपत्याला मूल नव्हतं. 1909 साली त्यांनी पोरक्या मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे आपली जवळजवळ सगळी संपत्ती त्या शाळेच्या नावे करून टाकली. शाळा आजही चालू आहे. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली आई त्या फलकापुढून हलेना. दोनदा वाचला तिने. "वडी विकत घेऊ या," म्हणाली, "माणूस मोठा होता."

चव म्हणाल, तर हर्शीच्या वडीला किंचित आंबूस झाक आहे. नुसती खाताना मला ती फारशी आवडत नाही. पण भाजक्या साखरेच्या शेजारी तो आंबूसपणा कामाला येतो. गोडावर गोड चढत नाही. शिवाय वडीला बारा तुकडे पाडायच्या रेघा असतात. अर्धी वडी अर्ध्या क्रॅकरवर अगदी मापात बसते.

हॅरिसबर्गजवळ सस्क्वेहाना नदी ओलांडली. रुंद, उथळ, मध्ये मध्ये खडक आणि हिरवी बेटं. पुढे कार्लाईल मागे टाकून डोंगरात शिरलो आणि पाइन ग्रोव्ह फर्नेस स्टेट पार्कला पोचलो. नावातली फर्नेस म्हणजे लोखंड गाळायची भट्टी. 1764 साली सुरू झालेली ही भट्टी 1895 पर्यंत चालली. तिचा दगडी मनोरा अजून उभा आहे. ज्या खाणीतून तिच्यासाठी खनिज काढलं ती पाण्याने भरून फुलर लेक झाला, आणि आता तिथे मुलं पोहतात. जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणाऱ्या अॅपलेशियन ट्रेल या पायवाटेचा मध्य इथून अगदी जवळ आहे. अर्धी वाट संपल्याच्या आनंदात पदयात्री इथल्या दुकानात अर्धा गॅलन आइस्क्रीम एका बैठकीत संपवायचा पण करतात. आम्हाला असे दोघं भेटले, उन्हाने रापलेले, दाढी वाढलेले, आणि फार प्रेमाने बोलले.

आमचा मुक्काम होता त्या कॅम्पग्राउंडचं नाव चारकोल हार्थ. त्या भट्टीला लागायचा लाकडी कोळसा, तो याच जंगलात पाडला जायचा. लाकडं रचून, वर पालापाचोळा आणि माती थापून, आतल्या आत दिवसेंदिवस धुमसत ठेवायची. अशी एक भट्टी दिवसाला एकरभर जंगल खायची असं सांगतात. जिथे कोळसा पाडला त्या सपाट गोल जागा झाडीत अजून ओळखू येतात. आई म्हणाली, "आपल्याकडे कातकरी असाच पाडतात कोळसा." भाच्याने, म्हणजे भाचीच्या भावाने, विचारलं, पाडतात म्हणजे कुठून पाडतात? त्या क्रियापदावर मग अर्धा तास गेला.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते, कारण आमचीच चूक झाली असती. दादाच्या अंगणात वाळलेली लाकडं होती आणि मी ती गाडीत भरत होते. वहिनीने थांबवलं. लाकूड लांबून आणायचं नाही, जिथे जाळायचं तिथलंच घ्यायचं. एमराल्ड अॅश बोरर नावाचा हिरवा चमकदार किडा 2002 साली डेट्रॉइटजवळ आढळला, आणि लाकडांत लपून त्याने कुठच्या कुठे मजल मारली. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरतात आणि अॅशची झाडं उभीच्या उभी वाळून जातात. वाटेतल्या निष्पर्ण झाडांकडे मग मी वेगळ्या नजरेने पाहिलं. लाकडाची मोळी आम्ही पार्कजवळच घेतली.

साडेसातला शेकोटी पेटली, आणि इथून पुढे रात्र आईची झाली.

ज्वाळा उंच झाल्याबरोबर भाचा काठीला मार्शमेलो टोचून पळत आला आणि सरळ जाळात धरला. दोन सेकंदांत त्याने पेट घेतला. घाबरून त्याने काठी झटकायला हात वर केला तशी आईने त्याचं मनगट धरलं. बरं झालं. पेटती साखर अंगावर उडाली तर सुटत नाही, कातडीला चिकटून भाजत राहते. काठी स्थिर धरून फुंकर मारायची, झटकायची कधीच नाही. विझला तेव्हा बाहेरून कोळसा आणि आत थंडगार गोळा होता.

"जाळ आहे हा, निखारा नाही," आई म्हणाली. "जरा दम धर."

आईचं माहेर बार्शीकडचं. पौषात शेतावर हुरडा भाजायचा तो आगटीत, गोवऱ्यांच्या विस्तवावर, कणसं राखेच्या कडेला टेकवून. जाळावर भाजलं तर दाणा करपतो आणि आत कच्चा राहतो हे तिला आठव्या वर्षापासून ठाऊक. तिने खुर्ची शेकोटीभोवतीच्या लोखंडी कड्याजवळ ओढली, काठीने ओंडके एका बाजूला सारले आणि निखारे पुढे ओढून घेतले. तासभर तिने कुणाला काही भाजू दिलं नाही. झाडांखाली काजवे चमकायला लागले. मग ती विस्तवावर वितीभर अंतरावर तळवा धरून मनात आकडे मोजू लागली. चारला हात मागे घेतला. निखाऱ्यांवर राखेची पातळ पांढरी साय धरली होती, फुंकर मारली की आतला लाल रंग उजळायचा.

"आता आण."

शाकाहारी मार्शमेलो थोडे हट्टी असतात. जिलेटिनचे लवकर लोळतात, हे आकार सोडत नाहीत. आईने काठी निखाऱ्यापासून चार बोटं वर धरली आणि दोन बोटांत सावकाश फिरवत राहिली. आधी पांढऱ्यावर मेणासारखी चमक आली. मग कडा पिवळसर झाल्या, मग एकदम सगळीकडून बदामी. बाजूला बारीक फुगे आले आणि फुटले. भाजल्या साखरेचा खमंग वास सुटला, खरवसाच्या कडेसारखा. तिने काठी उचलली, मार्शमेलो स्वतःच्या वजनाने जरासा ओघळला, आणि भाची क्रॅकर घेऊन तयारच होती. चॉकलेट तिने आधीच क्रॅकरवर ठेवून कड्याच्या गरम काठावर टेकवलं होतं, त्यामुळे ते मऊ झालं होतं. ही युक्ती विसरू नका, नाहीतर चॉकलेट घट्टच राहतं. वरचं बिस्किट दाबून काठी ओढून घेतली आणि तो पहिला स्मोर आजीच्या हातात.

आईने डोळे मिटून खाल्ला. बोटं चाटली. "बिस्किट कसलं आहे गं हे? कणकेची चव लागते."

लागणारच! सिल्व्हेस्टर ग्रॅहम हा 1830 च्या सुमारास फिलाडेल्फियात दारूबंदीचा प्रचार करणारा धर्मोपदेशक. मांस सोडा, मैदा सोडा, कोंड्यासकट दळलेलं पीठ खा, हे तो गावोगाव सांगत फिरला. त्याच्या नावाचं ग्रॅहम फ्लोअर म्हणजे भरड कणीकच. आताच्या क्रॅकरमध्ये साखर आणि मैदा आहेच, पण मुळात ते एका कट्टर शाकाहारी माणसाच्या पिठाचं बिस्किट आहे. मी हे सांगितलं आणि आईने काही न बोलता पिशवीतून पोळ्यांचा डबा काढला.

तोवर आमचे इतर प्रयोग चालू झाले होते. पारले-जीची चव मार्शमेलोला फार छान जाते, दुधाची आठवण येते, पण बिस्किट पातळ असल्याने गरम गोळ्याखाली मोडतं. खाली दोन घेतली तर टिकतं. लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की चॉकलेटच्या जागी घातली. ती वितळत नाही, दाताला लागते, मला नाही पटलं. त्याऐवजी रीसेसचा पीनट बटर कप घालावा. हा रीस पूर्वी हर्शीच्याच डेअरीवर कामाला होता. त्या खारट शेंगदाण्याने गोडाला आधार मिळतो. केळ्याचा प्रकार इथल्या कॅम्पांवर सगळे करतात: केळं सालीसकट उभं चिरायचं, फटीत चॉकलेट आणि मार्शमेलोचे तुकडे कोंबायचे, फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यांत आठ-दहा मिनिटं ठेवायचं आणि चमच्याने खायचं. आईने त्यात वेलची घालायला लावली. दादा म्हणाला, गरम शिकरण.

पण खरी बाजी मारली पोळीने. आईने सकाळची पोळी घेतली, तिला तूप लावलं, अर्ध्या भागावर चॉकलेटचे सहा तुकडे, त्यावर दोन मार्शमेलो चपटे करून, आणि चार कण मीठ. पोळीची घडी घालून फॉइलमध्ये गुंडाळली आणि निखाऱ्यांच्या कडेला ठेवली, आगटीत कणीस ठेवतात तशी. दोन मिनिटांनी उलटली. फॉइल उघडलं तेव्हा पोळीवर तांबूस ठिपके उठले होते, कडेतून चॉकलेट पाझरत होतं आणि तुपाचा वास शेजारच्या तंबूपर्यंत गेला असावा. क्रॅकर मोडतो, बोटांना चिकटतो, अर्धा खाली सांडतो. पोळी मोडत नाही. ती सगळं पोटात धरून ठेवते, आणि कडेचा कुरकुरीत भाग शेवटी खायला मिळतो. मी बऱ्याच गोष्टी खाल्ल्या आहेत, पण त्या रात्रीच्या त्या घडीसारखं काही आठवत नाही.

"आजी, सम मोअर," भाचा म्हणाला. त्याला त्या नावाचा अर्थ सकाळपासून दहादा सांगून झाला होता. या वेळी तो आपसूक म्हणाला.

झोपण्याआधी सगळं गोड, कागद, चिकट काठ्यासुद्धा गाडीत बंद केल्या, कारण या डोंगरांत काळी अस्वलं आहेत. शेकोटीवर पाणी ओतलं, काठीने ढवळलं, पुन्हा ओतलं. आईने राखेला हात लावून पाहिला तेव्हाच ती उठली.

सकाळी न्याहारीला पोळ्या उरल्या नव्हत्या. डबा धुताना आई मला म्हणाली, "जाताना ते शेवाळाचे मार्शमेलो दोन पाकिटं घे गं. पौषात मामाच्या शेतावर हुरड्याला नेऊ. आगटी तिथे असतेच."