क्वेकचं संगीत परत आणताना : महिन्याभराची नोंद

'क्वेक' हा 1996 चा गोळीबाराचा गेम मी दोनदा घेतलाय. आधी डिस्क, आणि कितीतरी वर्षांनी डाउनलोड. डाउनलोड केलेला पहिल्यांदा चालू केला त्या रात्री मला वाटलं हेडफोनची पिन नीट बसली नसेल. गोळ्यांचे आवाज येत होते, राक्षसांचं गुरगुरणं येत होतं, पण मागे सतत घुमणारी, अंगावर काटा आणणारी ती धून कुठेच नव्हती. संगीतकार ट्रेंट रेझनर आणि त्यांचा बँड नाइन इंच नेल्स यांनी या गेमसाठी जे केलंय ते त्या जागेचाच भाग आहे, भिंती आणि अंधार यांच्याइतकाच. ते गेलं की नुसत्या खोल्या उरतात. दुकानाच्या मदत विभागाला लिहिलं. उत्तर आलं, फाइल्स तपासून गेम पुन्हा इन्स्टॉल करा. केला. फरक शून्य. पडणारही नव्हता, कारण संगीत त्या फाइल्समध्ये कधी नव्हतंच.

नव्या मंडळींसाठी थोडं मागे जातो. 1996 ची डिस्क मिश्र होती. पहिल्या ट्रॅकवर गेमचा डेटा, आणि दुसऱ्यापासून अकराव्यापर्यंत चक्क साधी ऑडिओ सीडी. गेमच्या दोन पॅक फाइल्स मिळून 50 एमबीच्या आसपास भरतात. सीडीवरच्या आवाजाला मिनिटाला सुमारे 10 एमबी लागतात, म्हणजे जागेच्या हिशेबाने डिस्क मुख्यतः संगीताचीच होती. हे संगीत गेम स्वतः वाजवत नसे. तो ड्राइव्हला सांगायचा, अमुक नंबरचा ट्रॅक लाव, आणि आवाज ड्राइव्हच्या पाठीमागून निघालेल्या बारीक, चार पिनांच्या केबलने थेट साउंड कार्डात जायचा. त्या काळात ज्यांनी पीसी जोडलेत त्यांना ती केबल नक्की आठवत असेल. जोडणारा ती लावायला विसरला, तर अस्सल डिस्क असूनही गेम मुकाच. डाउनलोडमध्ये डिस्कच नाही. गेम अजून सांगतोय ट्रॅक लाव, आणि ऐकणारं समोर कोणी नाही.

19 ऑगस्ट 2021 ला आलेल्या नव्या आवृत्तीत हे संगीत परत आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पीसीवर ती विंडोजसाठीच आहे, लिनक्सवर प्रोटॉनमधून, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालवावी लागते. माझं मशीन लिनक्सचं, डिस्क माझ्या कपाटात, आणि गेमचा सोर्स कोड तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर 1999 मध्येच जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केलेला. तेव्हा सगळं आपल्या हातांनी करायचं ठरवलं.

पहिला आठवडा डिस्कवर गेला. आधी ती पुसली: मऊ सुती कापड, मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. डेस्कटॉपवरच्या नेहमीच्या प्रोग्रॅमने दहा ट्रॅक काढून दिले, पण एका ट्रॅकमध्ये मधेच टकटक ऐकू आली. उजेडात धरली तर तिथे केसाएवढा ओरखडा. मग सीडीपॅरानोइया वापरला, खराब सीडीवरूनही आवाज काळजीपूर्वक काढणारा प्रोग्रॅम. हा टर्मिनलमध्ये चालतो आणि चालताना एक छोटा चेहरा दाखवतो. वाचन सुरळीत असलं की चेहरा हसरा, डिस्क अडखळली की तोंड वाकडं. बाकीचे ट्रॅक काही मिनिटांत झाले. ओरखड्याच्या ट्रॅकला मात्र पावणेतीन तास लागले, आणि त्यातला बराच वेळ ते वाकडं तोंडच समोर होतं. पण शेवटी ट्रॅक स्वच्छ आला. तीनदा ऐकला, टकटक गेली. ज्यांच्याकडे अशा डिस्क पडून आहेत त्यांनी हे काम पुढे ढकलू नका. ओरखडे कमी होत नाहीत आणि चांगले ड्राइव्ह मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय.

दुसऱ्या आठवड्यात क्वेकस्पाझम बसवला, म्हणजे त्या खुल्या कोडवरून बनवलेला, आजच्या मशीनवर क्वेक चालवणारा प्रोग्रॅम. पहिल्याच फटक्याला गेमचा डेटा सापडेना. कारण साधं होतं: माझ्या डाउनलोडमध्ये पॅक फाइल्सची नावं कॅपिटलमध्ये होती. विंडोजला त्याने काही फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. सगळी नावं स्मॉलमध्ये केली आणि गेम उघडला. आयडी1 फोल्डरमध्ये म्युझिक नावाचं फोल्डर करून काढलेल्या ट्रॅकच्या ओजीजी (ऑडिओ) फाइल्स त्यात टाकल्या. संगीत आलं!

पण भलतंच. पहिल्या लेव्हलला जी धून वाजत होती ती तिथली नव्हती, हे लहानपणापासून कानात बसलेलं असल्यामुळे लगेच कळलं. प्रत्येक नकाशाच्या आत एक आकडा लिहिलेला असतो, आणि तो असतो सीडीवरच्या ट्रॅकचा नंबर. सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा, म्हणून संगीत 02 पासून सुरू होतं. मी नावं दिली होती पहिल्या प्रोग्रॅमच्या सवयीने 01 ते 10. सगळी धून एकेक घर सरकलेली. 02 ते 11 अशी नावं दिली आणि सगळं जागेवर आलं. त्या रात्री मी पहिल्या लेव्हलच्या सुरुवातीलाच पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. एक पाऊल पुढे टाकलं नाही, फक्त ऐकलं.

एक गोष्ट तर मुळापेक्षा बरी झाली. जुन्या क्वेकमध्ये सीडीच्या आवाजाचा स्लायडर दिसायला स्लायडर, पण काम बटणाचं: चालू किंवा बंद, मधलं काही नाही. क्वेकस्पाझममध्ये आवाज खरोखर कमीजास्त होतो. मी तो सत्तर टक्क्यांवर ठेवलाय.

'क्वेक 3'ला एक संध्याकाळ पुरली. त्याचा कोड ऑगस्ट 2005 पासून खुला आहे. त्यावरूनच बनलेलं आयओक्वेक3 बसवलं, डाउनलोडमधल्या पीके3 (गेमच्या डेटाच्या) फाइल्स त्याच्या फोल्डरमध्ये टाकल्या, चाललं.

खरी मेहनत 'अनरिअल टूर्नामेंट 2004' या दुसऱ्या गोळीबाराच्या गेमला लागतेय, आणि या गेमबद्दल मला जास्त वाईट वाटतं. मार्च 2004 मध्ये तो दुकानात आला तेव्हा खोक्यातल्या डिस्कवरच लिनक्सचा इन्स्टॉलर होता. वेगळे पैसे नाहीत, वेगळी विनंती नाही. लिनक्सचं हे काम प्रोग्रॅमर रायन गॉर्डन यांचं. पुढे डिजिटल आवृत्ती आली ती फक्त विंडोजची. एखाद्या गेमला लिनक्सची आवृत्ती कधी मिळालीच नसेल तर गोष्ट वेगळी. इथे तर तयार काम बाजूला राहून गेलं, आणि नव्या खरेदीदाराला ते कधी होतं याचा पत्ताही लागला नाही. जुनं विकायला काढताना त्या खोक्यात जे जे होतं ते सगळं द्यायला हवं, मदतीची हमी नसली तरी चालेल. जोडून घ्यायला आपण आहोत. आता तर डिसेंबर 2022 मध्ये एपिक या त्याच्या कंपनीने हा गेम विक्रीतूनच काढला, आणि 24 जानेवारी 2023 ला त्यांचे ऑनलाइन सर्व्हर बंद झाले.

सध्या माझं असं चाललंय: डाउनलोडमधला डेटा आणि त्यावर 3369 या क्रमांकाच्या पॅचमधली 64 बिटांची लिनक्स बायनरी (गेम चालवणारी फाइल). गेम उघडला, पण आवाज नव्हता. सिस्टिम फोल्डरमधली ओपनएएलची (आवाज वाजवणाऱ्या लायब्ररीची) जुनी फाइल बाजूला काढली, तिच्या नावाने आजच्या ओपनएएलची लिंक दिली, आणि उद्घोषकाचा आवाज खोलीभर घुमला. 1920 बाय 1080 मेन्यूत नव्हतं, आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये हाताने लिहिलं. तरी चित्र विचित्र दिसत होतं, कारण हा गेम रुंद स्क्रीनवर बाजूंना जास्त दाखवण्याऐवजी वरून-खालून कापतो. दृश्याचा कोन 90 अंशांवरून 106 वर नेला की बरोबर होतं.

सर्व्हरची यादी अजून रिकामी दिसते. त्याच आयएनआयमध्ये मास्टर सर्व्हरचा (ही यादी पुरवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता बदलून ओपनस्पाय या पर्यायी सेवेचा टाकायचा आहे, ते या शनिवारी. जमलं तर रविवारी रात्री दहाला सर्व्हर चालू ठेवतो, ज्यांना यायचंय त्यांनी आपली आवृत्ती 3369 आहे ना ते आधी बघून ठेवा.

आणि एक मागणी. क्वेकच्या 1997 च्या दोन्ही मिशन पॅकना (जादा लेव्हलच्या जोडण्यांना) स्वतःचं वेगळं सीडी संगीत होतं. 'डिसोल्यूशन ऑफ इटर्निटी'ची डिस्क माझ्याकडे आहे, 'स्कर्ज ऑफ आर्मागॉन'ची नाही. जुन्या बाजारात दोन रविवार शोधली, मिळाली नाही. कोणाकडे अस्सल डिस्क असेल आणि ती ओरखड्यांमुळे वाचली जात नसेल तर कळवा. माझा ड्राइव्ह आणि ते वाकडं तोंड, दोघांनाही वेळ आहे.